फुकटचा मनगटी पट्टा

आदरणीय भाऊजींना,

गादीवाल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मी पाठवलेली गादी तुम्ही अजून गुंडाळूनच ठेवली आहे, हे मला कळलं आहे. (ताईने चुगली केली नाही. तिच्याशी फोनवर बोलत होतो तेव्हा मागे तुम्ही "आई गं" करत उठलात. ते "आई गं" जुन्या गादीवरचं होतं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मीसुद्धा. तेच तर दुखणं आहे आणि त्यासाठीच हे लांबलचक पत्र.

मला एक मनगटी पट्टा फुकट मिळाला. जन्मभर व्यापार केलेल्या माणसाने 'फुकट' हा शब्द ऐकला की आधी खिसा दाबून धरावा. मी मनगट पुढे केलं. त्या पट्ट्याची खरी किंमत अशी पडली : एक चांगलं मुरलेलं वैर गेलं, चारचौघांत अब्रू गेली, दुपारचं गिऱ्हाईक नोकरांच्या हाती गेलं आणि इतकी वर्षं जपलेला रक्तदाब गेला. रक्तदाबाचं जास्त वाईट वाटतं. तो वडिलार्जित नव्हता हो, स्वकष्टार्जित होता. हातगाडीवर गाद्या लादून दारोदार ओरडत हिंडलो तेव्हा कुठे तो एवढा झाला.

दुकानामागचा बागेचा तुकडा तुम्ही पाहिला आहे. चार मोठी झाडं, एक कुंपण आणि एक कडक बाक. त्या जागी माझं गोदाम व्हावं म्हणून मी केलेला अर्ज नगरपालिकेत, तुमच्याच कचेरीत, तुमच्याच टेबलावर आहे. (त्याचं शेवटी लिहितो.) अर्ज केला आणि निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई 'बाग वाचवा'चा फलक घेऊन माझ्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक आत शिरताना म्हणायच्या, "घ्या, गादी घ्या. सावली मात्र यापुढे घरूनच आणा." अशा वातावरणात विद्यापीठाची माणसं आली. शहरातल्या हिरवाईचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणार होती. त्यांना आमच्या भागातली माणसं हवी होती. निम्म्यांनी रोज दुपारी तासभर बागेत बसायचं, निम्म्यांनी बाजाररस्त्यावर. मनगटावरचा पट्टा नाडी आणि झोप मोजणार, रक्तदाब अधूनमधून तपासणार, आणि निघेल तो निष्कर्ष नगरपालिकेपुढे ठेवणार. ही सगळी व्यवस्था एका हसऱ्या संशोधक मुलीकडे होती. तिला मी 'पट्टेवाली' म्हणतो. तिला राग येत नाही. (या शिकलेल्या मुलींना राग कसा तो येतच नाही. धंद्यात हिचं कसं होणार?)

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. बागेत बसून माणसाला काही फरक पडत नाही असं निघालं, तर बागेची गरज काय? आणि फरक न पडणारा माणूस मीच का असू नये? औषध घ्यायचं आणि बरं व्हायचं नाही, एवढंच काम. नाव दिलं. चिठ्ठी काढली, बाग आली. घरी येऊन जाहीर केलं, "मी काही बागेत बसणारा माणूस नाही. शब्द दिलाय म्हणून बसतोय. अभ्यास संपला की उठलो, परत तिकडे ढुंकूनही बघणार नाही." आमच्या हिने भाजी चिरता चिरता "बरं" म्हटलं. तिचं 'बरं' किती प्रकारचं असतं ते तुम्ही जाणताच. हे त्यातलं सगळ्यात आखूड होतं.

पहिले काही दिवस मी जिवाचं रान केलं. झाडांकडे पाठ करून बसलो. बाकावरून मुद्दाम माल नेहमी उशिरा पाठवणाऱ्या फोमवाल्याला फोन लावायचो, कारण त्याचा आवाज नुसता ऐकला तरी माझी कानशिलं तापतात. तेवढ्याने भागेना म्हणून मी बाईंच्याच बाकावर बसायला लागलो. त्याही अभ्यासात होत्या आणि त्यांनाही बागच आली होती. मला बघून सरकल्या, पण पदर आवरून घेत म्हणाल्या, "या गादीवाले. बसा. झाडांना काही होणार नाही ना तुमच्यामुळे?" वा! नाडी अशी काही उडाली की पट्टा गरम झाल्यासारखा वाटला. मी खूश. आता रोजचा खुराक मिळणार.

पण घात केला माझ्या कानांनी. स्प्रिंगवर नुसती थाप मारून तिचं कोणतं वेटोळं ढिलं आहे ते सांगणारे हे कान. त्यांना स्वस्थ बसवत नाही. कुंपणापलीकडे दोन म्हाताऱ्या येऊन बसायच्या. त्यांतल्या एकीच्या सुनेला खिडकीसमोरचं कपाट हलवायचं होतं. सासूचं म्हणणं, कपाट आहे तिथेच राहणार. झालं एवढंच, पण काय रंगवून सांगायची ती बाई! सून हळूच कपाटातले कपडे कमी करते आहे, मुलगा दोन्हीकडे मान डोलावतो आहे, आणि सासू दुपारी मुद्दाम कपाटाला टेकून बसते आहे. ऐन रंगात आलं की दुसरी म्हणायची, "चल, नळाला पाणी येईल," आणि दोघी उठून जायच्या. मी तसाच लोंबकळत. दुसऱ्या दिवशी जेवण अर्धवट टाकून बागेत पळालो. फोमवाल्याचा फोन आला तर चक्क कापला. पुढचं ऐकू येईना ना!

एके दिवशी मी कान टवकारून बसलेलो असताना शेजारून बाई कुजबुजल्या, "काल तुम्ही उशिरा आलात. सुनेने कपाटाच्या पायाखाली फडकं सरकवलंय." भाऊजी, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. जन्मभर वर्गातल्या मुलांना "लक्ष कुठंय?" म्हणून उभं करणारी बाई महिनाभर तेच ऐकत होती! तिथे आमचं वैर संपलं. नंतर भांडण झालं ते एवढंच, की त्या सासूच्या बाजूच्या आणि मी सुनेच्या. (मी म्हटलं, उजेड तर हवा ना खोलीत. त्या म्हणाल्या, "अस्सं? आणि तुमच्या गोदामाने आमच्या अख्ख्या गल्लीचा उजेड जाईल, तो?" मी घाईघाईने कान कुंपणाकडे वळवले.)

आणि मग ती झोप. ज्याने अर्ध्या शहराला झोपवलं तो मी रात्रभर छताकडे बघत पडणारा माणूस. डोकं चालूच, उद्याचा कापूस, परवाची गाडी. एका दुपारी म्हाताऱ्या आल्या नाहीत. वारा होता, पानं सळसळत होती. कान पानांवर लावून वाट बघत बसलो, आणि पुढचं आठवतं ते बाई छत्रीच्या टोकाने मला ढोसत होत्या. "उठा. घोरताय. पाखरं उडाली सगळी." त्या कडक, एका पायाने आखूड, लाकडी बाकावर! नंतर ते रोजचंच झालं. रक्तदाब घसरायला लागला. पट्टेवाली यंत्राकडे बघून टाळ्या वाजवायची आणि मी चोरी पकडल्यासारखा घाम पुसायचो.

अभ्यासाचा निकाल शाळेच्या सभागृहात सांगितला. सगळा मोहल्ला जमला होता, नगरपालिकेची माणसंही. मी बागेविरुद्ध कडकडीत भाषण पाठ करून गेलो होतो (तरीही. अर्ज केलेला, मागे कसं जायचं?). पट्टेवालीने पडद्यावर आलेख दाखवले. रस्त्यावरच्यांपेक्षा बागेतली माणसं शांत झोपतात, असं आपल्या अभ्यासात तरी दिसलं, म्हणाली. मग म्हणाली, "सगळ्यात मोठा फरक एका व्यक्तीत पडला. नाव अर्थातच गुप्त आहे." आणि पडद्यावर अक्षरं आली : पुरुष, वय साठीच्या अलीकडे, व्यवसाय गाद्यांचा. भाऊजी, आमच्या भागात गाद्यांचं दुकान एकच आहे. खुर्च्या करकरल्या, सगळी डोकी वळली. ती बापडी पुढे सांगतच होती, "यांची सर्वांत गाढ झोप घरात नाही, बागेतल्या बाकावर नोंदली गेली आहे."

धंद्यातला माणूस धडपडतो पण पडत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, आमच्या गादीची सवय लागलेला माणूस कुठेही झोपू शकतो!" हशा झाला, टाळ्या पडल्या. वाचलो म्हणून खाली बसणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या हिचा आवाज आला, "मग घरी काय होतं?" त्यावर जो हशा झाला तो अजून माझ्या कानांत आहे. बाई तर डोळे पुसत होत्या. मला राग यायला हवा होता. नाडी चाचपून बघितली, एकदम थंड. ते पाठ केलेलं भाषण तिथेच विसरून आलो.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गादी उलगडा.

तुमचा आज्ञाधारक (तुमच्यापेक्षा ताईचा जास्त)
मेहुणा

ता. क. : अर्जाचं राहिलंच. तुमच्या टेबलावरचा माझा अर्ज मी मागे घेतो आहे. सोबत तसा कागद जोडला आहे, कृपया आजच पुढे सरकवा. खाली दाबून ठेवू नका, नाहीतर उद्या माझंच डोकं फिरेल. गोदाम गावाबाहेर बघतो. जाता जाता तुमच्या बागखात्यातल्या मित्राला सांगून त्या बाकाचा आखूड पाय तेवढा नीट करून घ्या. बाकावर गादी टाकता का, असं बाईंनी विचारलं होतं. मी सक्त नाही म्हटलं.

ता. क. २ : कपाट हललं. सासूनेच हलवलं. उजेडात सुई ओवता येते म्हणते. तेव्हापासून त्या दोघींनी बागेत येणं बंद केलं आहे, त्यामुळे ऐकायला आता तिथे काहीच नाही.

ता. क. ३ : अक्षर वाकडं आलं असेल तर माफ करा, बाक हलतो. पट्टा परत देऊन दोन महिने झाले.