जर्दाळूला थंडी कमी पडते

८ डिसेंबर २०२४, रविवार

पानं गळली नाहीत. एकाही झाडाची नाही!

हे रोज सकाळी उठून तेच बघायला जातात. जर्दाळूनं थंडीत पानं टाकायची असतात, उघडंबोडकं व्हायचं असतं, मगच फुलं येतात. कारगिलला तशीच असतात म्हणे, सगळा हिवाळा बर्फात. आमची मात्र औंधच्या डोंगराखाली हिरवीगार! रस्त्यानं जाणारा थांबून म्हणतो, "काय जोमात हाय वो बाग, फौजी!" हे तसेच पुढच्या झाडाकडं जातात.

चौथं वर्ष. फळ राहू दे, फूलसुद्धा बघितलं नाही.

आता जर्दाळू आहे तिथं माझं डाळिंब होतं. हे फौजेत असताना मी एकटीनं लावलेलं, जगवलेलं. तेल्या रोग आला होता, खरं आहे. पण सगळ्या झाडांवर नव्हता. हे रिटायर होऊन आले आणि महिन्याच्या आत जेसीबी घातला. "तिकडं चौकीच्या खाली बागा हुत्या क्रांती, उन्हाळ्यात नुसत्या पिवळ्या! आपल्याकडं कुणी लावलंच न्हाई म्हणून येत न्हाई." हिमाचलातल्या रोपवाटिकेनं सांगितलं होतं, ही कमी थंडीत येणारी जात आहे. कमी म्हणजे किती, ते कुणी विचारलं?

११ डिसेंबर

वडूजचा बाजार. परतताना स्टँडवर कृष्णात भेटला, यांच्या थोरल्या काकांचा मुलगा. म्हणाला, "वहिनी, मीबी आल्याचं रान मोकळं करतोय. दादांनी सांगितलंय, मार्चात रोपं येत्यात."

मी नुसतं "हं" म्हटलं. त्याचं सगळं घर त्या आल्याच्या पिकावर चालतं.

यांच्या शब्दावर आधीच राहीकाकींनी लावलीत, यांच्या धाकट्या चुलतीनं. अर्धा एकर, तेवढंच रान आहे त्यांना. तिथली झाडंही आमच्यासारखीच, पानंच पानं.

१९ डिसेंबर

आज लय थंडी! गोठ्यात शेकोटी केली. यांचा चेहरा खुलला. दुपारी ऊन पडलं, परत तेच.

२ जानेवारी २०२५

हाजीसाहेबांना फोन लावला होता यांनी. कारगिलचे बागवाले, यांच्या चौकीजवळच त्यांची बाग. फोन स्पीकरवर. हाजीसाहेब म्हणत होते, "फौजी भाई, यहाँ भी मौसम बदल गया। नीचेवाले बाग़ में फूल जल्दी आता है, फिर ठंड का पाला मारता है। लोग अब ऊपर लगा रहे हैं, और ऊपर।" आधी त्यांच्याकडं सगळं फळ वाळवायचे, आता ताजं फळ विमानानं दिल्लीला जातं, तेही सांगितलं. आनंदानं सांगत होते.

हे म्हणाले, "बघ! मागणी वाढलीय."

मी एवढंच ऐकलं, की तिथली झाडंसुद्धा थंडी शोधत डोंगर चढतायत. आमच्याकडं कुठला डोंगर आणायचा?

४ जानेवारी

पलूसला जाऊन आलो. भरतेश पाटील म्हणून द्राक्षवाले आहेत, यांचे जुने मित्र. त्यांनीही बांधाला जर्दाळू लावली होती. गेलो तर बांध मोकळा!

"काढली, फौजी," ते म्हणाले. "छाटणीनंतर द्राक्षाला कळी फोडायला पेस्ट लावतो ना आमी, तीबी लावून बघितली. फुलं आली. पण फळ धरलं न्हाई. आपल्याकडची थंडी पुरत न्हाई त्याला. तुमीबी नादाला लागू नका."

"मला पेस्ट द्या," हे म्हणाले.

"आवं, पण —"

"द्या म्हणलं ना!"

आवाज असा, की आतून पाटलांच्या विजयमालावहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. भरतेशदादांनी मग निमूट डबा काढून दिला. हातमोजे घाला, तोंडाला बांधा, चार-चारदा सांगितलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, फौजी बरे हायत ना?"

मी "बरे आहेत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२९ जानेवारी

फुलं! फुलं आली!

पहाटे हे धावत आले, पायात चप्पल नाही. "क्रांती, ऊठ, चल!" पांढरी, आत जरा गुलाबी. पान कमी आणि फूल जास्त अशी ती पंधरावीस झाडं. दुपारपर्यंत निम्मं गाव फोटो काढायला. राहीकाकींच्या रानातही यांनी पेस्ट लावली होती, तिथंही आली. कृष्णात तर यांच्या पायाच पडला! "दादा, मार्चची रोपं पक्की."

हे दोन भाकरी जास्त जेवले. मी पण रडले. खोटं कशाला लिहू, मला पण वाटलं, झालं.

६ फेब्रुवारी

झाडाखाली सडा. एक झाड फुललेलं, शेजारचं नुसतं पालवलेलं, तिसऱ्याला काहीच नाही. फुलं गळाली तिथं फळाची गाठ दिसावी म्हणून हे एकेक काडी हातात धरून बघत होते. गाठ नाही.

७ फेब्रुवारी

हे जेवले नाहीत.

१२ फेब्रुवारी

औंधला लग्न. मांडवाच्या मागं पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि हे एकदम जमिनीवर पालथे! दोन्ही हात डोक्यावर. सगळे हसले. "फौजीला ट्रेनिंग आठवलं!" हेही उठून हसले, कपडे झटकले.

मी जवळ गेले आणि हात धरला. घरी येईपर्यंत यांनी तो सोडला नाही. काय झालं विचारलं तर — "काय न्हाई. दमलोय."

१६ फेब्रुवारी

कृष्णातला सांगितलं. आज जाऊन सांगितलं, त्याच्या बांधावर उभं राहून. "आल्याचं रान मोडू नका भाऊजी. पलूसच्या पाटलांनी काढून टाकली. आमचं फूल सगळं गळालं. जर्दाळूला इथली थंडी पुरत नाही."

त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "दादांना ठाव हाय, तुमी मला सांगताय ते?"

"नाही."

१७ फेब्रुवारी

कळलं त्यांना. गावात काय लपतं!

"माझ्या माघारी? माझ्या भावाला?" ताट ढकललं. मीही बोलले. डाळिंबाचं बोलले, चार वर्षांचं सगळं बोलले. काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. यांनी कांबळं घेतलं आणि राहीकाकींच्या वस्तीवर गेले.

१८ फेब्रुवारी

आले नाहीत.

२० फेब्रुवारी

मीच गेले काकींकडं. भांडायलाच गेले होते. हे रानात होते, झाडांची आळी करत. बघून न बघितल्यासारखं केलं.

काकींना म्हटलं, "आवं काकी, तुम्ही शेतात जन्म काढला. हे झाड इथं फळत नाही हे तुम्हाला कळलं नसेल असं कसं? मग तुम्ही पण त्यांच्या हो ला हो का केलंत? अर्धा एकर रान तुमचं!"

काकींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाल्या, "फळ येनार न्हाई हे मला पयल्याच साली कळलं, पोरी."

"मग रान का दिलंत?"

मग त्यांनी शंभूराजचं काढलं. शंभूराज त्यांचा एकुलता. तोही फौजेत होता. सुट्टीवर आला आणि विहिरीवर पाय घसरून गेला, असंच सगळे म्हणतात. मीही तेच म्हणत आले.

"सुट्टीवर आला तवा निस्ता भितीकडं बघत बसायचा. मी म्हनायची, दमलाय पोरगं, बसू दे. येळच्या येळी ताट द्यायची. दुसरं काय करायचं हे मला ठाव नव्हतं." चुलीतली राख सारली. "पाय न्हाई घसरला त्याचा, क्रांते."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"तुजा सयाजी रिटायर हून माझ्या दारात आला, आन मला त्योच चेहरा दिसला. म्हनला, काकी, झाडं लावू का तुज्या रानात? म्हनलं, लाव बाबा. रोज येतो, आळी करतो, च्या पितो, बडबडतो. माझ्या रानात जवारी न्हाई आली तर काय बिघडलं? रेशन हाय."

मी भांडण विसरले. चहा दिला होता, तो हातात गार झाला. बाहेर यांच्या टिकावाचा आवाज येत होता. तो थांबला की काकी बोलता बोलता दाराकडं बघायच्या. मीही बघायला लागले.

परत येताना वाटेत विहीर लागते. तिच्याकडं बघवलं नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी भाकरी बांधून वस्तीवर गेले. दुसरं खोरं घेतलं आणि शेजारचं आळं करायला लागले. हे म्हणाले, "कशाला करतीस? फळ येनार न्हाई."

"माहीत आहे," मी म्हटलं.

दोघांनी ती ओळ पुरी केली.

२४ फेब्रुवारी

हे घरी आले. कृष्णातला स्वतः फोन केला माझ्यासमोर. "रोपं मागवू नकोस. माझं चुकलं. आल्यातच ऱ्हा." एवढंच. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

भिंतीकडं बघत नव्हते ना, ते मी मान वाकडी करून बघितलं. डोळे मिटलेले होते. मी शेजारी बसले. संध्याकाळी धारेची वेळ झाली तरी उठले नाही, म्हैस हंबरत राहिली. मग विचारलंच. सरळ विचारलं, "विहिरीचं मनात येतं का हो?"

हे "नाही" म्हणाले नाहीत.

२५ फेब्रुवारी

काकी राहायला आल्या. आम्ही दोघी पाळीनं जाग्या आहोत. यांना ते कळलंय, पण रागावले नाहीत.

२८ फेब्रुवारी

आज यांनी पेटीतून फौजेचं कार्ड काढलं आणि स्वतःहून म्हणाले, "साताऱ्याला माजी सैनिकांचा दवाखाना हाय. तिथं मनाच्या डॉक्टरकडं पाठवत्यात म्हणं. उद्या जायचं. तूबी चल. एकटा गेलो तर वाटेतनं माघारी येईन."