दहा वर्षं टिकेल असा कॉम्प्युटर

२ जून
स्वरदाला कॉम्प्युटर हवाय. अंधेरीतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने लेकीची परीक्षा लावलीय: पंधरा तारखेपर्यंत एक अख्खं गाव डिझाइन करायचं, वर ते खेळून दाखवायचं. जमलं तर नोकरी. घरचा जुना कॉम्प्युटर वेशीपाशीच मान टाकतो. तेव्हा सुटे पार्ट घेऊन नवा जोडायचा. पार्ट मी निवडणार. दहा वर्षं टिकला पाहिजे.

४ जून
इंटरनेटवर अभ्यास. सल्ले देणारे सगळे विकले गेलेले. एक जण ग्राफिक्स कार्डाचं असं कौतुक करत होता, जणू स्थळच आणलंय. बंद केलं. कुठले पार्ट घ्यायचे ते स्वरदानेच सांगितलं. तुला कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, बाबा, हा माझाच विषय आहे ना! म्हणजे नक्की कुणीतरी शिकवलंय.

६ जून, संध्याकाळ
बोरिवलीला मिथुनचं दुकान. गोड बोलतो. न मागता चहा पाजला. तेव्हाच सावध झालो. कॅबिनेटला काच, आत रंगीत दिवे. कॉम्प्युटर आहे की मखर, विचारलं. काका, आजकाल सगळे हेच घेतात, म्हणे. सगळे घेतात तिथेच गोम असते. प्रत्येक पार्टावर टिचकी मारली, हातात तोलला. जड तो घेतला. स्वरदा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. आत उकडत असावं.

७ जून
मिथुन म्हणाला, पार्ट ठेवून जा, उद्या जोडून देतो. ठेवून जा! आणि रात्रीत बदलले तर? आमच्या आईचं पातेलं चाळीतल्या प्रत्येक लग्नाला जाऊन परत आलं, का? नाव घातलेलं होतं. खोके उचलले, थेट भांड्यांचं दुकान.
भांडीवाला म्हणाला, बारसं की वास्तुशांत? म्हटलं, मदरबोर्ड. नाव घालायचं मशीन त्याने उचललं, परत खाली ठेवलं. साहेब, ह्याच्यावर नको. हाही मिथुनला सामील! बरीच हुज्जत घातल्यावर तयार झाला. मधोमध मोकळी जागा बघून घातलं: स्वरदा वि. तळेकर, दहिसर. तिथे आधीच कुणीतरी बारीक रेघा मारून ठेवलेल्या. माल सेकंडहँड! बाकीच्या पार्टांवरही घालणार होतो, पण त्याने शटर ओढलं.

८ जून
मिथुनकडून समोर बसून जोडून घेतला. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. मिथुन बोर्डाकडे बघत राहिला. काका, हे काय? म्हटलं, नाव. कशाला? म्हटलं, कशाला ते तुला बरोबर कळलंय. म्हणाला, अहो, त्या रेघांतूनच करंट जातो, त्याच कापल्यात. वाट लागली, बोर्डाची कंपनी आता बदलून पण देणार नाही. किती तयारीचं उत्तर! अजून आठवडा आहे. भरपूर.

११ जून
नवा बोर्ड मिथुनकडून घ्यायचा नाही. मुलुंडला स्वस्त मिळतो. का स्वस्त? घाटकोपरला महाग. का महाग? दोन्हीकडून हात हलवत परत. स्वरदा सकाळीच बाहेर पडते. मैत्रिणीकडे, असं तिची आई, वनमाला, सांगते. डबा दोघांना पुरेल एवढा. मैत्रीण बरीच खाते.

१४ जून
निर्णय झाला: घाईत निर्णय घ्यायचा नाही. स्वरदाला म्हटलं, कंपनीकडून मुदत वाढवून घे. लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच?

२० जून
स्वरदाला नोकरी लागली. गाव तिने मिथुनच्या दुकानात, त्याच्या कॉम्प्युटरवर बसून पुरं केलं. वनमालाला पहिल्या दिवसापासून माहीत. मलाच का नाही सांगितलं? वनमाला म्हणाली, अहो, तुम्ही त्याचाही उघडून बघितला असतात.
ह्यात मिथुनचा काय फायदा, ते शोधायला हवं. अर्थात मी घाई केली नाही म्हणूनच हे सगळं जमलं. कंपनी तिला नवा कॉम्प्युटर देणार आहे. म्हटलं, त्याचे पार्ट कुणी निवडलेत, एकदा येऊन बघतो. अंधेरीत नक्की कुठे आहे ऑफिस?
स्वरदाने आईकडे बघितलं. वनमाला म्हणाली, अंधेरी केवढी मोठी आहे हो.