नुसतं गणित

३ मार्च, मंगळवार

पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांचं पत्र आलं. बॅटरीत चार्ज किती उरलाय ते काढायची माझी पद्धत म्हणे 'निव्वळ गणित' आहे, आणि गणितावर पेटंट मिळत नाही. तीन वर्षं डोकं फोडलं, त्याला निव्वळ म्हणतात!

जरा शांत होऊन लिहिते. चार्ज बाहेरून दिसत नाही. टाकी असती तर काठी बुडवून पाहिलं असतं. आम्ही बनवतो तसल्या विजेच्या व्हीलचेअरवरची साधी मीटरं व्होल्टेज बघून अंदाज ठोकतात, आणि मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं हलतच नाही — म्हणून सर्रास थापा मारतात. माझं वेगळं आहे. खुर्ची थांबली की बॅटरी दम खाते, व्होल्टेज हळूहळू वर येतं. ते कसं वर येतं त्यावरून पोटात किती उरलंय ते मी काढते. थंडीत काढते, जुन्या बॅटरीत काढते. बरोबर येतं.

सुनावणी बारा तारखेला.

५ मार्च, गुरुवार

बाबांनी आजही नव्या मीटरवर रुमाल टाकला. मीच बसवलंय त्यांच्या खुर्चीला. "शिक्का नसलेलं माप मी बघत नाही." झालं. हयात गेली वजनमाप खात्यात, दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारण्यात. आता घरातही तेच.

हसते खरी, पण हसण्यासारखं नाही. गेल्या वर्षी जुनं मीटर निम्मं दाखवत होतं आणि खुर्ची भर चौकात बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न. दोन अनोळखी माणसांनी ढकलत घरी आणलं. तेव्हापासून बाबा गेटच्या बाहेर गेलेले नाहीत. ज्या माणसाने अख्खं शहर पालथं घातलं, तो दिवसभर गेटशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतो. मला बघवत नाही.

आज सरळच विचारलं, पेटंट मिळालं की बाहेर पडाल? म्हणाले, "सरकारी कागद दाखव, मग बघू." पेटंट म्हणजे मीटर बरोबर असल्याचा दाखला नव्हे, नवीन असल्याचा — हे परोपरीने समजावलं. "शिक्का तो शिक्का," म्हणाले आणि चहा मागितला.

६ मार्च, शुक्रवार

वकीलबाई ऑफिसात आल्या. पेटंटचीच कामं करतात, बोलणं कमी आणि पेन्सिल जास्त. म्हणाल्या, दावा बदलू. दावा म्हणजे अर्जातला तो भाग, जिथे आपलं कुंपण कुठवर ते लिहायचं. "आकडा काढला, पुढे काय? त्या आकड्यावरून मोटर मंद होते, खुर्ची घरापर्यंत पुरते, हे लिहा. मग ते यंत्राचं काम झालं. नुसता आकडा काढून हातात ठेवलात तर ते गणितच."

आमच्या मालकांना पटलं नाही. पाठीमागे सगळे त्यांना लगेचराव म्हणतो. "खुर्ची कशाला लिहायची? फोन, गाड्या, सगळीकडे चालेल हे. कुंपण मोठं घाला!" आणि खरं सांगायचं तर मलाही मोटर-बिटर नकोच होती. समीकरण इतकं देखणं आहे, त्याला खुर्चीला कशाला बांधायचं? मी मालकांचीच री ओढली. वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमची मर्जी."

८ मार्च, रविवार

आरशासमोर सुनावणीची तालीम. आई म्हणाली, "आरशाला पटलं वाटतं, मान डोलावतोय."

१२ मार्च, गुरुवार

माती खाल्ली.

परीक्षक कोणी खडूस गृहस्थ असतील असं धरून चालले होते. निघाले माझ्याच वयाचे, सर्दीने बेजार, अगदी गोड. वकीलबाईंनी छान सुरुवात केली — बॅटरी, तारा, सेन्सर, उष्णता. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मोजमापं हातात असतील तर हा हिशेब यंत्राशिवाय जमेल?"

मला वाटलं, कौतुकाने विचारतायत! "जमेल की," मी म्हणाले. "कागद द्या, आत्ता करून दाखवते." दिला त्यांनी. टेबलाखाली वकीलबाईंनी पाय दाबला. मला वाटलं चुकून लागला, म्हणून मी पाय बाजूला घेतला. भराभर आकडे मांडले, उत्तर काढलं, प्रयोगातल्या नोंदीशी ताडून दाखवलं. तंतोतंत. परीक्षकांनी स्वतः एकदा करून पाहिलं. त्यांचंही तेच आलं. "वा," म्हणाले, आणि कागद फाइलला लावला.

जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "त्यांचा आक्षेप काय होता? की हे कागदावर होण्याजोगं गणित आहे. तो तुम्ही सिद्ध करून दिलात. सुबक अक्षरात." मी मटकन पायरीवरच बसले. मग त्यांनाच हसू फुटलं, मग मलाही. पोट धरधरून हसलो दोघी. शिपाई बघत होता.

१३ मार्च, शुक्रवार

लगेचरावांना सांगितलं. "लगेच अपील करा!" म्हटलं, अजून निकालच आलेला नाही. "मग आला की लगेच."

१९ मार्च, गुरुवार

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "आला का कागद?" मी मान हलवते. ते पुन्हा गेटकडे तोंड करून बसतात. काय सांगू त्यांना? की तुमच्या लेकीला शायनिंग मारायची हौस, म्हणून तुमचं बाहेर जाणं हुकलं? फार वाईट वाटतं.

२७ मार्च, शुक्रवार

निकाल आला. अर्ज नामंजूर.

वकीलबाई शांत होत्या. मूळ वर्णनात मोटरचं सगळं आहे, त्यावर पुन्हा अर्ज करता येईल, या वेळी खुर्चीसकट. लगेचरावही निमूट हो म्हणाले. ऑफिसचं निभेल. घरी सांगायला मात्र जीभ रेटेना.

शेवटी जेवताना सांगून टाकलं. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला आणि निकाल मागून घेतला. पहिल्या ओळीपासून वाचला, ऑफिसात वाचत असतील तसा, ओळीखाली बोट धरून. एका जागी बोट थांबलं. मग मोठ्याने वाचलं, "अर्जदाराने काढलेले उत्तर अचूक आहे याबद्दल वाद नाही. परीक्षकांनी ते स्वतः पडताळले आहे. तथापि, ही पद्धत निव्वळ गणिती आहे."

"खाली सही त्यांचीच?"

"हो."

"शिक्का?"

"आहे ना. पण बाबा, नाकारलंय त्यांनी."

"तुझं पेटंट नाकारलंय. मापाला कुठे नाव ठेवलंय?"

निकाल घेऊनच झोपायला गेले. माझं डोकं इतकं दुखत होतं की मी वाद घातला नाही.

२८ मार्च, शनिवार

उठले तर बाबा गेटपाशी नाहीत. आई म्हणाली, सकाळीच गेले, एकटेच. तशीच धावत चौकापर्यंत गेले, तिथेही नाहीत. फोन लावला. मागे गाड्यांचे आवाज.

"अर्धी आहे अजून," म्हणाले. "नदीपर्यंत जाऊन येतो. जेवायला थांबू नका."