दोनशे छबुबाई

मु. पो. तेलगाव, जि. बीड
दि. २ मे २०२५, शुक्रवार

चि. सौ. रोहिणी हिस,
तुझ्या वहिनीचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना पेन जरा थांबला व्हता. या घरात तुला सौ. कुणी म्हणत न्हाई, तुझं नावच कुणी घेत न्हाई. पण पाकीट माझं हाय, म्हणून लिहिलं.

पत्र बघून घाबरली असशील. कुणी गेलं-बिलं न्हाई, बस खाली. इकडं समदे बरे हायत. ऊन लई, दुपारी पत्र्याखाली बसवत न्हाई. संस्कृतीची चौथीची परीक्षा झाली, आता दिवसभर माझं डोकं खाती. तांबडी शेळी व्याली, दोन करडं झाली, एक बोकड अन् एक पाठ, मादी. सुरजरावांची ड्यूटी अजून रातचीच हाय का? तेजूला दात आले का गं? सहा महिने झाले म्हणजे आता बसत असंल.

परवा तीस तारखेला आपली नवनगरी, फोनमधलं ते चित्रांचं गाव, आमच्यापुरती बंद झाली. फोनवर उघडायला गेलं की एकच पाटी येती, 'ओळख पटली नाही.' ज्याचं खातं त्यानं आपला खरा चेहरा अन् ओळखीचा कागद कॅमेऱ्याला दाखवायचा, न्हाईतर खातं बंद अन् तिथलं घरदार जप्त, हा कंपनीचा नवा नियम मी तुला कशाला सांगू? तूच तर त्याच्या विरोधात समद्यात पुढं व्हतीस.

काय पिसाळले व्हते लोकं पहिल्या दिवशी! आष्टीचा तो पप्पू, ज्यानं तिथं आठवडी बाजार भरवलाय, तो चौकात वरडत व्हता, "चेहरा कावून दावायचा बे? मी काय शेळ्या चोरल्या का?" एक बाई म्हणली, माझ्या सासऱ्याला कळालं तर मला विहिरीत ढकलतील. निम्मे लोकं कंपनीच्या पाटीकडं पाठ करून उभे राहिले. एकानं तर रागारागानं आपलं घरच मोडून टाकलं, अन् मग रडत बसला की आता परत कसं बांधू. मला हसू बी येत व्हतं अन् धडकी बी भरत व्हती.

अन् मग तू कट्ट्यावर चढलीस. म्हणलीस, "माझी आई त्रेसष्ट वर्षांची हाय, आमच्या घरच्यांना चोरून मला भेटायला येती. तिचा चेहरा मागता? घ्या." तू आईचा, छबुबाईचा, जो चेहरा बनवला व्हता, ती हिरवी नऊवारी, ते मोठं कुंकू, ते समद्यांना वाटून टाकलंस. घडीभरात अख्ख्या चौकानं तेच रूप घेतलं. पप्पूनं बी घेतलं. दोनशे छबुबाई उभ्या राहिल्या गं एका चौकात! लोकं रडले. मी त्यांच्यातच उभी व्हते, अन् मला जमिनीत गडप व्हावं वाटत व्हतं.

कंपनी नमली तवा तू किती नाचलीस. साठीच्या पुढच्यांना कागद नको, कंपनीची पोरगी व्हिडिओ कॉल करणार, म्हातारीनं चेहरा दाखवून 'हे खातं माझं हाय' एवढं म्हणायचं. तू मला लिहिलंस, "वहिनी, आईला एवढं एकच वाक्य म्हणायला लाव. मग मी अकरा तारखेच्या इतवारी तेजूला घेऊन घरी तेलगावला येतेच. आता आईनंच बोलावलंय, मग मला कुणाचं भ्या?"

रोहिणी, आईनं बोलावलं न्हाई. मी बोलावलं.

दोन दिवस झाले, एवढंच लिहायला कागद घेऊन बसती अन् उठती. आत्याबाई, म्हणजे तुझी आई, नवनगरीत कधी आल्याच न्हाईत. एक दिवस बी न्हाई. ती हिरव्या नऊवारीतली बाई मी व्हते. तू विचारायचीस, आई अन् वहिनी एकदम कावून येत न्हाईत? मी म्हणायचे, फोन एकच हाय. आईला बोलायला लाव म्हणलीस की मी लिहायचे, तात्या ओसरीवर हायत, तुझ्या बापाच्या कानावर आवाज जातो. एवढ्या थापा मी आयुष्यात कुणाला मारल्या न्हाईत.

तुला सातवा लागला व्हता. नवनगरीतल्या तुझ्या पायरीवर बसून तू लिहिलंस, "आईला एकदा आण, न्हाईतर मला बाळंतपण जड जाईल." मी खरंच विचारलं त्यांना. त्या तांदूळ निवडत व्हत्या. मान वर न करता म्हणल्या, "ती त्या पोराबरोबर पळून गेली त्या दिवशी म्या डोक्यावरून पाणी घेतलं. मेलेल्याचं नाव काढू नको."

हे मी तुला कसं सांगणार व्हते, पोटुशीला? संस्कृतीच्या हातातून फोन घेतला अन् आत्याबाईंच्या नावानं दुसरं खातं उघडलं. वाटलं, एकदा 'बाळा' म्हणावं अन् बंद करावं. तू तिथं 'आई' लिहिलंस, मी 'ओ' लिहिलं. मग मला ते सुटलं न्हाई.

खोटं का बोलू, मला बी त्याची गोडी लागली व्हती. तुझ्या भावाला फोन रोज संध्याकाळी दाखवावा लागतो, कुणाला लावला, कुणाचा आला. पण ते चित्रांचं गाव म्हणजे त्यांना संस्कृतीचा खेळ वाटायचा. तुझ्या अंगणात मी हिंडायचे, तुझी चूल बघायचे. माझं खातं बी संस्कृतीच्या नावावर, त्याला आता बापाची मंजुरी लागती. ते दार बी बंद झालं.

तुझा निरोप आला अन् मला भाकरी गोड लागंना. शेवटी पंचवीस तारखेला भाकरी थापतानाच आत्याबाईंना समदं सांगितलं. वाटलं, आता उलथनं अंगावर येणार. त्या हात पुसून म्हणल्या, "दाव."

दाखवलं. पहिलं काय म्हणल्या असतील? "माझं नाक एवढं बसकं हाय व्हय?" मग तू केलेलं उखळ बघितलं, दावणीच्या शेळ्या बघितल्या. बोट लावून म्हणल्या, "ह्यो दारातला जांब तर आपण तोडला. हिनं परत लावला का?" मी व्हय म्हणले. तव्यावरची भाकरी जळाली, दोघींना बी कळालं न्हाई.

मग विचारलं, "त्या कंपनीच्या पोरीचा फोन कवा येणार हाय?"

अठ्ठावीसला, सोमवारी, दुपारचं ठरलं. तुझा भाऊ रानात, तात्या माजलगावला गेलते. आत्याबाईंनी डोक्याला तेल लावलं, ट्रंकेतली ती डाळिंबी काठाची साडी काढली, कुंकू पुसून परत लावलं. धान्याच्या खोलीत पोत्यावर बसून मला चारदा म्हणून दाखवलं, हे खातं माझं हाय, हे खातं माझं हाय. मी म्हणले, आत्याबाई, पास व्हाल तुमी. तर हसल्या.

फोन आला. पोरगी गोड व्हती बिचारी, म्हणली, "आजी, नमस्कार, हे खातं तुमचंच आहे ना?" आत्याबाईंनी तोंड उघडलं, "हे खातं..." अन् दारात तात्या उभे. त्यांची जीप अर्ध्यातून माघारी आलती.

"कुणाचा फोन हाय?"

"कुणाचा न्हाई," आत्याबाई म्हणल्या. "चुकून लागलाय." अन् ज्या बाईला अजून फोन उचलता येत न्हाई, तिनं बरोबर लाल बटन दाबलं.

तात्यांनी साडीकडं बघितलं. "कुठं निघालीस?"

"म्या कुठं जाणार?" एवढं बोलून त्या साडी बदलायला उठल्या. पोरीचा परत कॉल आला न्हाई.

म्हणून सांगते, हात जोडून सांगते, अकराला येऊ नको. तात्या एकवेळ बोलणार न्हाईत, तोंड फिरवतील. मला भ्या तुझ्या भावाचं हाय. मागं तलवाड्याच्या लग्नात कुणीतरी तुझं नाव काढलं, तर घरी येऊन त्यांनी कुऱ्हाड आणून दाराला टेकवली. सरपण फोडायला मी ती उचलते अन् परत तिथंच ठेवते, जागा हललेली त्यांना चालत न्हाई. तू तेजूला कडेवर घेऊन त्या दारात उभी राहिलेली मला रोज दिसती. 'ये बाळा' हे मी लिहिलं व्हतं, आता 'येऊ नको' हे बी मीच लिहिते. शेजारच्या फोनवरून सांगायची छाती झाली न्हाई. तू रडली असतीस, अन् मी परत आई झाले असते.

एक सांगायचं राहिलं. मंगळवारी धार काढताना आत्याबाईंनी हळूच विचारलं, "पोरीचं नाव काय ठिवलंय?" मी म्हणले, तेजश्री, तेजू म्हणतात. दुपारी बघते तर आत्याबाई तांबडीच्या त्या पाठीला, त्या करडाला, हाका मारतायत. "तेजू, ये गं. तेजू, पाला खाल्लास का? तेजू, उन्हात जाऊ नको माय." आता दिवसभर अंगणात हेच चालू हाय, मोठ्यानं, समद्यांच्या देखत. पाठ हाय, विकायची न्हाई, हे बी सांगून ठेवलंय.

काल तात्या ओसरीवरून म्हणले, "ती तेजू कुठं गेली? आत घ्या तिला, ऊन लागंल." आत्याबाई तोंडाला पदर लावून गोठ्यात गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या न्हाईत.

पत्र वाचलं की फाडून टाक. उत्तर धाडू नको, इथं पाकीट आधी तुझ्या भावाच्या हातात पडतं. मला काय शिव्या द्यायच्या त्या तिकडंच दे, मला पोचतील. तेजूची काळजी घे.

तुझ्या 'आई'ला 'ओ' देणारी,
तुझी वहिनी
अंजना