चोवीस तारखेला बोका घरी येणार

३ मार्च, मंगळवार

अजून एकवीस दिवस! चोवीसला बोक्याला सोडणार. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "घरात गांजा घेणारं कुणी नको. नाहीतर पुन्हा तेच." मी म्हटलं, "छे हो, घरात मी एकटीच!" खोटं नाही बोलले. अर्धंच बोलले.

बोका म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी साय चोरायचा, म्हणून बोका. चार महिने झाले, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आहे. बेकरी आम्ही दोघं चालवायचो. ब्रेड कापताना कडेचा तुकडा तो माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. आता सगळेच कडेचे तुकडे माझे, आणि एकही घशाखाली उतरत नाही.

५ मार्च

गांजाची सिगारेट ओढली. बेकरीच्या मागच्या दारात. अर्धीच!

८ मार्च, रविवार

त्याचा फोन. रविवारी दहाच मिनिटं मिळतात.

"ताई, आवाज का बसलाय तुझा?"

"मैद्याची धूळ रे."

"बरं," म्हणाला. माझा बोका! पूर्वी असल्या थापेवर तासभर खेचली असती माझी.

पहिला झुरका त्याला मीच दिला. तो सोळाचा, मी चोवीसची. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि मी पोट धरून हसले. मला ओढली की झोप यायची. त्याच्याशी पुढे पुढे भिंत बोलायला लागली. एकाच आईची लेकरं ना आम्ही? कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

११ मार्च

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? आधी सिगारेटमध्ये भरून, मग चिलीम, मग पाण्याची बाटली. "पाण्यातून आला की धूर धुऊन निघतो, ताई!" मलाही पटलं होतं ते. डॉक्टरीणबाईंनी झाडलं – "धूर गार होतो, धुतला जात नाही. छातीची वाट लागायची ती लागतेच." नंतर ते व्हेप, बॅटरीवर वाफ ओढायची नळी. आत कसलं तेल भरलंय ते विकणाऱ्याच्या बापालाही ठाऊक नसतं म्हणे.

मी म्हटलं, मग खाऊनच बघू. धूर नाही, वास नाही. आणि बिस्किटं तर माझ्या हातचा मळ! अतिशहाणी!

१४ मार्च, शनिवार



सकाळी गांजा घातलेलं एक बिस्किट खाल्लं. घड्याळ लावलं. ब्रेड पस्तीस मिनिटांत होतो – वीस वर्षं तेच गणित डोक्यात. पस्तीस मिनिटं झाली, काहीच नाही. म्हटलं, कच्चं राहिलं. अजून दोन खाल्ली.

पोट म्हणजे काय भट्टी आहे? तासाभरानं सगळं एकदम चढलं. छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं. गोण्यांवर आडवी झाले. कणीक मळायचं यंत्र बंद होतं, तरी त्यातून कुणीतरी माझं नाव घेत होतं. सारखं. सारखं!

भट्टीवाल्या काकांनी हलवलं. "पोरी, तोंड पांढरंफटक पडलंय तुझं! तो ट्रे बघ, कोळसा झालाय." मी त्यांचा हात घट्ट धरून बसले. दुपार टळली तरी यंत्राकडे बघायची हिंमत होईना.

बोक्या, हे असं होत होतं तुला? आणि मी म्हणायचे, "नाटकं पुरे, कामाला लाग"!

१५ मार्च, रविवार

फोनवर सांगणार होते. तोच बोलत राहिला. "आल्यावर पहिला ब्रेड भट्टीत मी लावणार, तू हात लावायचा नाहीस." दहा मिनिटं संपली.

१६ मार्च

सगळं गटारात टाकलं. डबासुद्धा.

२० मार्च

झोप नाही. जेवण जात नाही. उगाच काकांवर डाफरले. ते म्हणाले, "तुझ्या भावाचंही सोडताना असंच व्हायचं."

त्याचा पलंगपोस धुतला. उशी तेवढी धुतली नाही. अजून थोडा वास येतो त्याचा. इतकी आठवण येते की राग येतो.

२२ मार्च, रविवार

पुन्हा आणलं. आठ दिवससुद्धा निघाले नाहीत माझे! पिठाच्या कोठीमागे ठेवलंय. त्याचा फोन वाजला तेव्हा हातातच होतं.

"ताई, परवा!"

"हो रे राजा, परवा."

२४ मार्च, मंगळवार

बोका पिशवी भरून वॉर्डाच्या दारात उभा होता. केस बारीक कापलेले, गाल भरलेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला – घरात कुणीही घेत नाही, इथे सही करा.

पेन टेकवलं. आणि म्हटलं, "मी घेते. त्याला पहिल्यांदा दिली तीही मीच."

कागद परत गेला. पिशवीही. मला म्हणाल्या, शुक्रवारी बायकांच्या वॉर्डात जागा होतेय.

बोका दारातून वळला. "पहिली कुणी दिली विचारलं की चार महिने मित्राचं नाव सांगत होतो गं मी!" मग म्हणाला, "ये लवकर. मी आहेच आत."