नानांची होडी विकायची नाही

बालाजी घाट, काशी
ज्येष्ठ वद्य चतुर्थी, सन १९३६

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या विद्युल्लतेचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघी मायलेकी विश्वेश्वराच्या कृपेने आणि माझ्या देखरेखीने बऱ्या आहोत. (विश्वेश्वराला सगळीच काशी बघायची असते, म्हणून देखरेखीचा उल्लेख वेगळा केला.) तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला यांना उतार पडला असेल अशी आशा करते. जबलपुराहून इतक्या उन्हात इकडे येणं जमणार नाही असं तुम्ही लिहिता, ते अगदी योग्य आहे. इथे तुमच्यावाचून काही अडलेलं नाही.

तुमचं कार्ड पोचलं. सारा जन्म टपालखात्यात काढलेल्या माणसाला, सरकारने बंद पाकीट नावाची एक सोय केली आहे, हे मी सांगायला नको. "नानांची होडी मोडीत काढावी, लाकडाला गिऱ्हाईक पाहिले आहे" हा मजकूर पोस्टमनने गल्लीच्या तोंडाशी वाचला, पानवाल्याने पुन्हा एकदा वाचून घेतला, आणि कार्ड जिन्याशी येईपर्यंत आईला तो वरच्या खिडकीत पाठ झाला होता. त्या दिवशी ती जेवली नाही. दिवेलागणीला एवढंच म्हणाली, "पन्नास वर्षं मी खिडकीतून ती होडी पाहिली. आता एकदा होडीतून खिडकी बघायची आहे. मग काय विकायचं ते विका."

तुम्ही नोकरीनिमित्त लवकर बाहेर पडलात, म्हणून आठवण करून देते. नाना रोज पहाटे होडीने पलीकडच्या वाळूवर जात. स्नान, संध्या, दोन जोर आणि एक पेला ठंडाई. (त्यात भांग नसे असं आईचं मत आहे, आणि मी ते खोडत नाही.) होडी ठिपक्याएवढी होईपर्यंत आई खिडकीत उभी असे. बायकोला शेजारी बसवून नदीवर हिंडण्याची तेव्हा रीत नव्हती, आणि नाना गेल्यावर आईने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे आता काशीची सीमा ओलांडायची नाही. ती पलीकडच्या तीराकडे नीट बघतसुद्धा नाही. तिकडे मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, आणि एकोणऐंशीव्या वर्षी असला धोका कोण पत्करणार? त्यात आषाढात गंगा चढली की होड्या दोन-तीन महिने बांधून ठेवाव्या लागतात. आईच्या वयाला दोन-तीन महिन्यांचं वचन मी देऊ शकत नाही. तेव्हा गंगा चढायच्या आत होडी पाण्यात घालायचीच, असं मी ठरवलं.

होडी अकरा वर्षं घाटावर विटांवर पालथी पडलेली. नानांचा नावाडी, दिनानाथ मल्लाह, अजून धडधाकट आहे. त्याला बोलावलं, तर तो म्हणाला, मेहुणीच्या घरी लग्न आहे, आठ दिवसांनी येतो, तोवर जुनं डांबर खरवडून ठेवा. मी खरवडलं. दोन दिवसांत झालं. उरलेले सहा दिवस हातावर हात ठेवून बसायला मी काही निवृत्त झालेले नाही. छावणीतल्या दुकानातून विलायती पांढरा तेलरंग आणला आणि आतून-बाहेरून दोन हात दिले. कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथांनी आम्हाला चित्रकला शिकवली होती. कुंचला एकाच दिशेने, मनगट सैल, आणि रंगवताना बोलायचं नाही. (यातलं शेवटचं मला तेव्हाही जमलं नाही.) पहिला हात ओला असताना एक सांड येऊन होडीला अंग घासून गेला. अर्धा पांढरा होऊन तो संकठा घाटाकडे निघाला, आणि तिथे बायकांनी त्याला फुलं वाहिली असं ऐकते. तेवढ्या बाजूला तिसरा हात दिला. होडी अशी दिसू लागली की पाण्यात घालावी की दिवाणखान्यात, असा प्रश्न पडावा.

दिनानाथ आला. त्याने होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, तंबाखू मळली आणि विचारलं, "बहिनजी, ई नाव ह कि अलमारी?" (होडी की कपाट, असं त्याला विचारायचं होतं.) रंग सर्वांत शेवटी द्यायचा असतो म्हणे. आधी फळ्यांच्या सांध्यांत डांबरात बुडवलेली कापसाची वात ठोकून भरायची, वरून डांबर फिरवायचं, आणि मग हौस असेल तर रंग. मी सगळे सांधे वरून सुंदर बुजवून ठेवले होते, आणि आत बोट जाईल एवढ्या फटी. त्याने माझा रंग सांध्यासांध्यांवरून तासला, वाती ठोकल्या, डांबर लावलं. पांढऱ्यावर काळे पट्टे आले. मी काही बोलले नाही. (फारसं काही बोलले नाही.)

मग होडी पाण्यात सोडली, आणि घटकेच्या आत ती गुडघाभर पाण्याने भरली. वर खिडकीत आई. माझा तोल गेला. साऱ्या घाटासमोर मी दिनानाथला ठक म्हटलं, लबाड म्हटलं, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तो शांतपणे पायरीवरचे दगड उचलून होडीत ठेवत होता. बुडणारी होडी बुडवायलाच मदत करतो आहे असं पाहून मी आणखी तापले. माझं संपल्यावर तो म्हणाला, "नाव पियासल बा, बहिनजी. पीए दीं." होडी तहानलेली आहे, तिला पिऊ द्या. अकरा वर्षं उन्हात लाकूड आक्रसलं होतं. ते तीन दिवस बुडवून ठेवायचं, म्हणजे फुगून सांधे आपोआप आवळतात. तीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. वर जाऊन आईला जपून समजावू लागले, तर ती म्हणाली, "हरभरे भिजत घातले की फुगतात, हे कुणाला ठाऊक नसतं?" चौथ्या दिवशी पाणी उपसलं. तळ कोरडा. मी दिनानाथची माफी मागितली, तीही घाटावर, सर्वांदेखत. (ती मात्र एकाच भाषेत.)

आता उरली सीमा. काठाजवळून आमची खिडकी दिसतच नाही, पुढचा बुरूज आड येतो. ती दिसायला होडी जवळजवळ मध्यावर न्यायला हवी, आणि आई विचारू लागली की काशी नदीत नेमकी कुठे संपते. शेजारच्या ढुंढिराजशास्त्र्यांना विचारलं. त्यांनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि निकाल दिला, की काशीच्या दगडाला बांधलेली वस्तू काशीतच असते. हे कुठल्या पोथीत आहे ते मी विचारलं नाही. दिनानाथने साऱ्या मल्लाहांचे दोर जमवून एकाला एक बांधले, आमच्या विहिरीचाही घेतला, आणि एक टोक घाटाच्या दगडातल्या लोखंडी कडीला अडकवलं.

काल सकाळी दोन मल्लाहांनी आईला वेताच्या खुर्चीतून खाली आणलं. दोर ताणला जाईपर्यंत ती डोळे मिटून जप करत होती. मग तिने डोळे उघडले. खिडकी काडेपेटीएवढी दिसत होती. तिने विचारलं, खिडकीत माझं पातळ वाळत घातलं आहेस ना? घातलं होतं. तिला ते दिसेना. बराच वेळ बघून म्हणाली, "मग मीही त्यांना कधी दिसले नसेन. त्यांची नजर तर माझ्याहून अधू. चष्मा गंगेत पडेल म्हणून घरीच ठेवून जायचे."

दिनानाथने वल्हं थांबवलं. म्हणाला, पंडितजी (म्हणजे नाना) रोज इथेच होडी थांबवायला लावायचे, घाटाकडे वळायचे आणि हात वर करायचे. त्याने एकदा विचारलं, काही दिसतं का? तर म्हणाले, "हमें नहीं दिखती. उसे तो हम दिखते हैं."

आई डोळ्याला पदर लावून, चिडल्यासारखी म्हणाली, "पन्नास वर्षं मला वाटत होतं, ते हात वर करून वारा बघतात."

असो. होडी विकायची नाही. वहिनींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक (या एका बाबीपुरती नव्हे) बहीण,
विद्युल्लता

ता. क. तुमच्या त्या गिऱ्हाइकाला कळवावं की लाकूड भिजलेलं आहे, जळणार नाही.

दुसरा ता. क. आईला आता गंगा चढेपर्यंत रोज जायचं आहे. मध्यावर पोचल्यावर तिला हात वर करायचा असतो, आणि त्यासाठी खिडकीत कुणीतरी उभं असलं पाहिजे. मला तिला धरून होडीत बसावं लागतं. आज ढुंढिराजशास्त्र्यांना उभं केलं, तर म्हणाली, परक्या पुरुषाला हात करायचं माझं वय नाही. तेव्हा मुलगा पाहिजे. जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या आहेत, गुडघ्याचं आपण बघू. दिनानाथच्या हिशेबाने गंगा चढायला अठरा दिवस उरले आहेत. दादा, गुरुवारची गाडी धरा.