रस्ता खचल्यावर

४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पायी भटकंतीच्या वाटेवर सुखरूप पोचले. उतरल्यापासून पाऊस आहे. तो कोसळत नाही, नुसता चिकटून बसतो, कामधंदा नसलेल्या पाहुण्यासारखा. पाठीवरची पिशवी चौदा किलोची. वीस वर्षं प्रयोगशाळेत स्टुलावर बसून लोकांचं रक्त तपासणाऱ्या बाईने हे ओझं घेऊन रोज बारा किलोमीटर चालावं, हे माझ्या कमरेला अजून पटलेलं नाही. पहिल्या मुक्कामी सोळा जणींची एक खोली होती, दुमजली पलंगांची. माझ्या वरच्या पलंगावरची बाई झोपेत आकडे मोजत होती. सदुसष्टपर्यंत मी जागी होते.

सोबत कोण आहे हे निघताना तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगते. टिटवी आहे. साखरपुडा होऊन महिना झाल्यावर, मुलगी पसंत नाही म्हणून तू जिला नकार दिलास, तीच. अकरा वर्षांत माझी तिच्याशी मैत्री तुटली नाही. तुझ्याशी बोलणं मात्र बाबांच्या औषधांपुरतं उरलं. हे पत्रही त्यासाठीच आहे. बाबा पत्र वाचतात पण लिहीत नाहीत, म्हणून तुला विचारावं लागतं. त्यांचा रक्तदाब आठवड्यातून एकदा तपासून घे. ते नको म्हणतील. अजून तुझ्याशी न बोलता भिंतीला 'साखर संपली' सांगतात का?

पुढच्या मुक्कामांच्या टपाल कचेऱ्यांचे पत्ते मागे लिहिले आहेत. टिटवीने नमस्कार सांगितलेला नाही, म्हणून कळवत नाही.

बाबांना माझा नमस्कार. ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझी,
ताई


१३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. बाबांचा रक्तदाब ठीक आहे. नको म्हणाले, मग हात पुढे केला. भिंतीला परवा सांगितलं की चहापत्ती बदललेली दिसते. मी जुनी आणली.

माझं लिफ्टदुरुस्तीचं काम नेहमीचं. नव्या कार्यालयाची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडते. मी गेलो की सुरळीत चालते, पाठ फिरवली की अडते. तिथला पहारेकरी म्हणतो की तुम्ही इथेच राहायला या.

भाजीबाजारात मास्तर दिसले. टिटवीचे वडील बाबांना बघून कांदे निवडायला लागले आणि बाबा मास्तरांना बघून बटाटे. पूर्वी दोन घरांत मिळून एक वर्तमानपत्र यायचं. सकाळी आपल्याकडे, दुपारी त्यांच्याकडे. आता दोघांकडे वेगवेगळं येतं आणि रद्दी दुप्पट होते. यात दोष माझा आहे, तुला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट. उतारावर तिला पुढे चालू देऊ नकोस. तिचा डावा घोटा कच्चा आहे, शाळेच्या जिन्यावरून पडली तेव्हापासून. ती स्वतःहून सांगणार नाही.

जपून चालावे. माया असू द्यावी.

तुझा,
धाकटा


२५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा घोटा मुरगळून तीन दिवस झाले होते. डावाच.

झालं असं. टेकडी उतरताना चिखलात टिटवीचा पाय सरकला आणि ती बसकण मारून दहा फूट खाली गेली. मी तिची पिशवी पोटाशी बांधली, माझी पाठीवर होतीच, आणि तिला खांद्याचा आधार देऊन तीन किलोमीटर चालले. एरवी दिवसभर बडबडणारी बाई तेवढं अंतर गप्प होती. मुक्कामी पोचल्यावर कळलं की मागचा रस्ता खचला आहे आणि पुढचा पूल बंद आहे. बस नाही. तेव्हापासून याच घरात आहोत. मालकीणबाई पूर्वी रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. रोज सकाळी आमच्या खोलीची पावती बघायला मागतात, आणि आम्ही दाखवतो. टपाल तेवढं येतं. टपालवाला खचलेला भाग पायी ओलांडून येतो.

इथे कपडे वाळवायची एक खोली आहे. मध्ये बॉयलर, वर दोऱ्या, त्यांवर सगळ्यांचे मोजे. दुपारी आम्ही तिथेच बसतो. काल तिला हसवावं म्हणून मी तुझं पत्र वाचून दाखवलं. घोट्याच्या ओळीपाशी आले तेव्हा तिने मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे. मला नव्हतं.

साखरपुड्यानंतर ती तुझ्या कामावर आली होती म्हणे, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत. तिला लग्नच करायचं नव्हतं, तुझ्याशी म्हणून नव्हे, कुणाशीच. कवळ्या बनवायचं शिक्षण अर्ध्यावर होतं. ती नाही म्हणाली असती तर मास्तरांनी शिक्षण थांबवून दुसरं स्थळ उभं केलं असतं. मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हटल्यावर पुढची स्थळं आपोआप बंद होणार होती, आणि तेच तिला हवं होतं. तिने तुला विचारलं. तू हातातला पाना पुसत म्हणालास की बरं, मी सांगतो. एवढंच बोलणं झालं, असं ती सांगते.

मी त्या दिवशी तुला काय काय बोलले ते मला आठवतं. आई शेवटच्या आजारात तुला पुन्हा पुन्हा विचारायची की त्या मुलीत काय खोट होती. मी दाराशी उभी असायचे. तू तिची उशी सारखी करायचास आणि काही बोलायचा नाहीस. मला वाटायचं, केवढा कोडगा आहे.

तू मला तरी का सांगितलं नाहीस, हा प्रश्न मी रात्रभर मनात घोळवला. सकाळी लक्षात आलं की माझ्या पोटात ते आठवडाभरही राहिलं नसतं. तरी राग आहेच. तुझ्यावर, तिच्यावर आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. तिच्याशी सकाळपासून धड बोललेले नाही. पायाला पट्टी मात्र मीच बांधते.

तिने दोन पत्रं लिहिली आहेत, एक मास्तरांना, एक बाबांना. मास्तरांचं वय झालंय, जपून लिही, एवढं मी म्हटलं. ती म्हणाली की दुसऱ्याच्या अंगावर दोन-दोन ओझी देऊन आपण मोकळं चालायचं म्हणजे काय, ते तिला त्या उतारावर माझ्याकडे बघताना कळलं. बाबांचं पत्र यातच घातलं आहे. तू आधी वाचलंस तरी चालेल, असं तिने सांगितलंय.

या वेळी तुला नमस्कारही सांगितला आहे. सांभाळून राहा रे.

तुझी,
ताई


२५ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला टिटवी म्हणायचात, कारण मी तुमच्या घरी आले की गप्प बसत नसे. जिथे बोलायला हवं होतं तिथे मात्र गप्प बसले.

लग्न तुमच्या मुलाने मोडलं नाही. मी मोडलं. मला लग्न करायचं नव्हतं आणि ते घरी सांगायची छाती नव्हती. त्याला विचारलं, आणि त्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, हसले, हिंडले. तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं ते ताई मला सांगायची आणि मी नुसती ऐकायची. शिक्षण संपल्यावर खरं सांगता आलं असतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग सांगणं अवघड होत गेलं.

काकूंची माफी मागता येणार नाही. तुमची मागते. द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण त्याच्याशी बोला.

आशीर्वाद मागायचा हक्क नाही, तरी मागते.

तुमची,
टिटवी


९ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. बाबांचं मी वाचलं नाही, तसंच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खिडकीशी भिंग घेऊन दोनदा वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि जेवायला बसले. दोन दिवस भिंतीलाही काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले. तीन तास झाले तरी येईनात, म्हणून मी मास्तरांच्या घराकडे गेलो.

दोघे व्हरांड्यात शेजारी शेजारी बसले होते. मास्तरांना त्यांचं पत्र आदल्याच दिवशी मिळालं होतं. टिटवीला हे कळव की ते तिच्यावर फार रागावलेले आहेत. त्यांना पाय मुरगळल्याचं तुझ्या पत्रावरून बाबांनी सांगितलं तेव्हा कळलं, तिच्या पत्रातून नव्हे, म्हणून अधिकच. बाबा माझ्यावर रागावलेले होते आणि दोघे मिळून तुझ्यावर, अकरा वर्षांत तुला काहीच कसं कळलं नाही म्हणून. आपली मुलं नालायक निघाली यावर त्यांचं एकमत झालेलं होतं. मला बघून मास्तर म्हणाले की उभा का आहेस, खुर्ची घे. मी घेतली. अंधार पडेपर्यंत आम्ही ऐकून घेत होतो, म्हणजे मी.

तू मला थोर ठरवशील, म्हणून आताच लिहितो. तिने विचारलं तेव्हा मला राग आला नाही, दुःख झालं. मला ती आवडत होती. तिच्याकडून दुसरं काही वाट्याला येणार नाही हे दिसत होतं, तर ही एक गोष्ट तरी आम्हा दोघांतच राहावी असं वाटलं. म्हणून कुणाला सांगितली नाही. तो त्याग नव्हता, हव्यास होता. हे तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. आता त्यातलं फारसं उरलेलं नाही, आणि घोट्याचं आठवतं म्हणून गैरसमज नको.

परत येताना बाबा कोपऱ्यावर थांबले. दम लागला असेल असं मला वाटलं. त्यांनी मला नावाने हाक मारली आणि म्हणाले की तुझ्या आईला सांगायला हवं होतंस. ती कुणाला बोलली नसती.

मी म्हटलं, हो.

आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं. ते खरं नव्हतं, त्यामुळे अंगाला लागलं नाही. हे खरं आहे. तेव्हापासून कामावर असलो तरी मनात तेच असतं. बाबा पुन्हा त्यावर बोलले नाहीत. रस्ताभर माझ्या हाताला धरून चालत होते.

पूल सुरू झाला की पुढे जा, अर्ध्यातून परतू नका. तिच्याशी बोल. पाऊस थांबला का ते कळव.

तुझा,
धाकटा